गाडी मिरजेत, हप्ता पुण्याचा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरण, अर्थात इर्डाई,
हैदराबाद

विषय : मोटार विम्याच्या ओन डॅमेज, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या, प्रीमियममध्ये प्रदेशानुसार पडणारा फरक आणि त्याचं कारण ग्राहकाला कळण्याबाबत

महोदय,

परवा दुपारी मिरजेचे दोघे सख्खे भाऊ आपापल्या गाडीचं आरसी घेऊन माझ्यासमोर बसले होते. मॉडेल एकच, दोन्ही पेट्रोल, दोन्ही एकाच वर्षी घेतलेल्या. आजवर एकाही गाडीवर क्लेम नाही, त्यामुळे एनसीबी, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल मिळणारी सूटही सारखीच. थोरल्याचा नंबर एमएच १०, म्हणजे सांगलीचा. धाकटा तेव्हा पुण्यात नोकरीला होता, म्हणून त्याचा एमएच १२. २०२० साली तो घरी परतला तो कायमचाच. तेव्हापासून दोन्ही गाड्या एकाच अंगणात, एकाच कडुनिंबाखाली उभ्या असतात. मी एका कंपनीच्या पोर्टलवर दोन्ही नंबर टाकले, तर धाकट्याचा प्रीमियम सोळाशे रुपयांनी जास्त. दुसऱ्या कंपनीचं पोर्टल उघडलं, तर तिथे उलटंच, थोरल्याला नऊशे जास्त. थोरला म्हणाला, “ताई, गाड्या रोज रात्री शेजारी शेजारी उभ्या असतात. एकीला असा कसला धोका आहे, जो दुसरीला नाही?”

मला उत्तर देता आलं नाही. मी २००४पासून सांगलीत मोटार विम्याचं काम करते. एवढ्या वर्षांत गिऱ्हाइकाच्या जवळजवळ प्रत्येक प्रश्नाला मी काही ना काही उत्तर शोधून दिलं आहे. याला नाही देता आलं, आणि कंपनीच्या माणसाला विचारलं तर तो म्हणाला, “मॅडम, सिस्टीमच तसा रेट काढते.” म्हणून हे पत्र थेट आपल्याला.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. प्रदेशाप्रमाणे दर बदलूच नयेत, असं माझं म्हणणं नाही. बदलायला हवेत, आणि त्यामागची कारणं मी रोज डोळ्यांनी पाहते. दाटीवाटीच्या शहरात सिग्नलला उभ्या गाडीला मागून रिक्षा घासते, पार्किंगमधून काढताना खांब लागतो. क्लेम लहान, पण वरचेवर. हायवेलगतच्या तालुक्यात क्लेम क्वचित येतो, पण आला की गाडी टोटल लॉसच, दुरुस्तीपलीकडे गेलेली. चोरीचं आणखी वेगळं. चोरीच्या क्लेममध्ये दुरुस्तीचा प्रश्नच नसतो, पूर्ण आयडीव्ही, म्हणजे विम्यात धरलेली गाडीची किंमत द्यावी लागते, त्यामुळे जिथे गाड्या जास्त चोरीला जातात तिथला हप्ता चढा राहणार, हे उघड आहे. पूर, गारपीट, वादळात पडणारी झाडं हाही त्या त्या भागाचा धोका. आणि सगळ्यांत कमी बोललं जातं ते दुरुस्तीच्या खर्चाबद्दल. बंपर तोच असला तरी मोठ्या शहरातल्या कंपनीच्या वर्कशॉपमधली मजुरी आणि तालुक्याच्या गॅरेजमधली मजुरी यांत मोठी तफावत असते. उलट काही महागड्या गाड्यांचं वर्कशॉप आमच्याकडे नाहीच. ती गाडी टो करून कोल्हापूरला किंवा पुण्याला न्यावी लागते, आणि पार्ट येईपर्यंत तिथेच पडून राहते. म्हणजे लहान गाव नेहमी स्वस्तच पडतं असंही नाही.

हे सगळं मान्य. माझा आक्षेप दोन गोष्टींना आहे. गाडीचा प्रदेश नंबरप्लेटवरून ठरतो, आणि त्या प्रदेशाचा दर कशावरून ठरला ते कुणालाच कळत नाही.

मी कामाला लागले तेव्हा टॅरिफचं, म्हणजे सगळ्या कंपन्यांना बांधून दिलेल्या दरांचं, पुस्तक टेबलावर असायचं. १ जुलै २००२पासून लागू झालेलं ‘इंडियन मोटर टॅरिफ’. खासगी गाड्यांसाठी त्यात सगळा देश दोन झोनमध्ये विभागला होता. झोन ए म्हणजे आठ शहरं : अहमदाबाद, बेंगळुरू, चेन्नई, हैदराबाद, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली आणि पुणे. उरलेला सगळा भारत झोन बी. आणि झोन ठरायचा तो गाडीची नोंदणी कुठल्या ऑफिसात झाली यावर. गाडी कुठे फिरते, रात्री कुठे उभी राहते, याच्याशी त्याचा संबंध नव्हता. त्या तक्त्यात पाच वर्षांच्या आतल्या, १००० सीसीपर्यंतच्या गाडीला झोन एमध्ये आयडीव्हीच्या ३.१२७ टक्के आणि झोन बीमध्ये ३.०३९ टक्के दर होता. सहा लाखांच्या गाडीवर हिशेब केला तर १८,७६२ रुपये आणि १८,२३४ रुपये. फरक ५२८ रुपयांचा, म्हणजे तीन टक्क्यांच्याही आत.

तो तक्ता ढोबळ होता. मुंबई यादीत होती, पण मुलुंडचा चेकनाका ओलांडला की लागणारं ठाणं त्या नावात नव्हतं. सुरत, नागपूर, जयपूर, लखनौ सगळी ‘उरलेल्या भारतात’. तरीसुद्धा त्या तक्त्याचा एक गुण मला आज फार मोठा वाटतो. तो कुणालाही दाखवता यायचा. गिऱ्हाईक कुरकुर करायला लागलं की मी पुस्तक त्याच्यापुढे सरकवायचे, रकान्यावर बोट ठेवायचे. त्याला पटो न पटो, आपल्याला कुठल्या खान्यात बसवलंय ते त्याला दिसायचं.

१ जानेवारी २००७पासून ओन डॅमेजचे दर खुले झाले, ते कंपन्या आपापले ठरवू लागल्या. त्याचं स्वागत मीही केलं. स्पर्धा आली, सूट आली, चांगल्या गाडीवाल्याला स्वस्त पॉलिसी मिळू लागली. पण माझ्या टेबलावर येणाऱ्या कोटेशनांचा पाया पाहिला तर बहुतेक वेळा मूळ दर त्या जुन्या तक्त्यातलाच असतो, आणि खरा खेळ त्यावर मिळणाऱ्या सवलतीत चालतो. ही सूट ठरते ग्रिडवर, म्हणजे कंपनीच्या आतल्या तक्त्यावर. मॉडेल, इंधन, गाडीचं वय, एनसीबी आणि आरटीओ. या आरटीओला सत्तर टक्के, त्या आरटीओला पंचावन्न, तिसऱ्याला नकोच, ‘डिक्लाइन’. दर महिन्याला, कधी कधी महिन्याच्या मध्येच हे आकडे बदलतात. कागदावरच्या झोनचा फरक पाचशे रुपयांचा, आणि न दिसणाऱ्या ग्रिडचा फरक त्याच्या कितीतरी पट. माझं कमिशनही याच ग्रिडवर हलतं, हेही इथेच सांगून टाकते. म्हणजे एखाद्या आरटीओची गाडी कंपनीला नकोशी झाली की ती मलाही नकोशी व्हावी, अशी सोय त्यात आहे. गिऱ्हाइकाला यातलं काहीही दिसत नाही. त्याच्या पॉलिसीच्या शेड्यूलवर आरटीओचं नाव असतं, काही कंपन्या झोन ए किंवा बी लिहितात, आणि खाली एक अंतिम रक्कम.

आता आरटीओ म्हणजे काय? कर भरायचं, लायसन्स काढायचं, गाडी नोंदवायचं ऑफिस. त्याची हद्द सरकारी कारभाराच्या सोयीसाठी आखलेली आहे, ती धोक्याची हद्द नाही. आमचाच जिल्हा घ्या. २०१९च्या पुराच्या वेळी एमएच १० म्हणजे कृष्णेच्या काठावरचा सांगलीतला गावभाग होता, आणि एमएच १० म्हणजेच तिकडे पूर्वेला जत, आटपाडीचा दुष्काळी पट्टाही होता. ऑगस्ट २०१९मध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं. धोक्याची पातळी ४५ फूट. बाजारपेठेत होड्या चालल्या. आणि त्याच दिवसांत जतकडच्या वाड्यावस्त्यांवर टँकर चालू होते.

त्या पुरातली एक गाडी मला विसरता येत नाही. गावभागातल्या एका निवृत्त शिक्षकांची, घराच्या बोळात लावलेली. पाणी उतरल्यावर मी नुकसान तपासणाऱ्या सर्व्हेयरबरोबर गेले. दार उघडलं तेव्हा आतून चिखलाचा ओघळ बाहेर आला. सीटच्या पाठीवर, डॅशबोर्डवर, ग्लोव्ह बॉक्सच्या कडेला एका सरळ रेषेत गाळाची खूण उमटली होती, जणू पट्टी धरून आखली आहे. ग्लोव्ह बॉक्समध्ये पॉलिसीचा कागद भिजून लगदा झालेला. सरांनी एकच चूक केली होती. पाणी थोडं ओसरल्यावर गाडी बाहेर काढावी म्हणून किल्ली फिरवली होती, एकदा नव्हे, तीन-चारदा. इंजिनात पाणी शिरलेलं, त्यात स्टार्टर मारल्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकले. साध्या पॉलिसीत पुराचं नुकसान येतं, पण पाण्यात इंजिन चालू केल्यामुळे झालेलं नुकसान ‘परिणामी नुकसान’ म्हणून बाहेर काढतात. त्याला इंजिन प्रोटेक्टचं वेगळं कव्हर लागतं. सरांनी ते घेतलं नव्हतं. मी त्यांना ते सुचवलं होतं, पण पुरेसं समजावून सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून नदीकाठच्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हे आधी सांगते : पाणी लागलं असेल तर किल्लीला हात लावायचा नाही, आधी टोइंगला फोन.

पुढच्या वर्षी एका कंपनीने एमएच १०ची सूट सरसकट कमी केली. गावभागातल्या गाडीचा हप्ता वाढला हे मी समजू शकते. पण जतच्या त्या शेतकऱ्याला मी काय सांगायचं, ज्याच्या दारात पूर सोडा, पाऊसही धड आला नव्हता? सांगली शहरातच, पण उंचावरच्या विश्रामबागला राहणाऱ्याला काय सांगायचं? आणि त्याच वेळी गावभागात पुण्याच्या, मुंबईच्या पासिंगच्या गाड्याही उभ्या होत्या. त्या तितक्याच पाण्यात बुडाल्या. त्यांच्या हप्त्यात आमच्या कृष्णेचा हिशेब कुठे आला?

आरटीओवर भरवसा ठेवण्यात आणखी एक अडचण आहे, ती विम्याचं गणित मांडणाऱ्या अ‍ॅक्चुअरी मंडळींना माझ्यापेक्षा चांगली माहीत आहे. एखाद्या लहान आरटीओत एका कंपनीच्या मोजक्याच पॉलिसी असतात. त्या वर्षी दोन गाड्या चोरीला गेल्या आणि एक जळाली, तर त्या आरटीओचा लॉस रेशो, म्हणजे हप्त्यांच्या मानाने क्लेमवर गेलेला पैसा, एकदम आभाळाला भिडतो. धोका खरोखर वाढला की नुसता योगायोग, हे इतक्या थोड्या गाड्यांवरून सांगता येत नाही. म्हणून कंपन्या अनेक आरटीओ एकत्र करून क्लस्टर बनवतात, आणि ते योग्यच आहे. पण आपला जिल्हा कुणाबरोबर बांधला आहे, कशावरून बांधला आहे, हे त्या जिल्ह्यातल्या गाडीवाल्याला कधीच कळत नाही. एका कंपनीच्या क्लस्टरमध्ये सांगली साताऱ्याबरोबर असेल, दुसरीच्यात सोलापूरबरोबर. माझ्या दोघा भावांच्या उलटसुलट आकड्यांचं मूळ तिथेच कुठेतरी असावं.

थर्ड पार्टीचं, म्हणजे आपल्या गाडीमुळे दुसऱ्याच्या झालेल्या नुकसानीच्या विम्याचं, गणित याहून निराळं, पण ते इथे येऊन मिसळतं, म्हणून थोडं सांगते. मोटार वाहन कायदा, १९८८च्या कलम १४६ने हा विमा प्रत्येकाला सक्तीचा केला, म्हणून त्याचा दर सरकार ठरवतं आणि तो देशभर एक असतो. १ जून २०२२पासून लागू झालेल्या दरांप्रमाणे १००० ते १५०० सीसीच्या खासगी गाडीला ३,४१६ रुपये, मग ती गडचिरोलीत असो की मुंबईत. गडचिरोलीचा माणूस यात मुंबईच्या गर्दीचा थोडा भार उचलतो, असं कुणी म्हणेल. मला ते मान्य आहे. सक्ती सगळ्यांना सारखी असेल तर निदान तेवढा भाग सगळ्यांनी मिळून उचलावा. पण ज्या भागात थर्ड पार्टीचे क्लेम जास्त, तिथे तो दर वाढवता येत नाही म्हणून कंपनी ओन डॅमेजची सूट कापते किंवा त्या आरटीओची पॉलिसीच टाळते. समोरच्या दाराने आत येऊ न दिलेला प्रादेशिक फरक असा मागच्या दाराने आत शिरतो. ज्याने आयुष्यात कुणाला धक्का मारला नाही, त्याच्या स्वतःच्या गाडीच्या विम्यात हा खर्च मिसळला जातो आणि त्याला त्याची कल्पनाही नसते.

मग उपाय काय? पहिला सुचतो तो असा की आरटीओ सोडा, गाडी जिथे राहते त्या पिनकोडवर दर काढा. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होते. आता तेवढ्या ठामपणे म्हणत नाही. कारण पिनकोडवर गेलं तर जतचा शेतकरी सुटेल, पण गावभागातल्या सरांचा हप्ता कुठल्या कुठे जाईल. तिथली माणसं हौसेने नदीकाठी राहत नाहीत, पिढ्यान्‌पिढ्यांची घरं आहेत ती. जास्त धोक्याच्या वस्त्या बहुतेक वेळा कमी पैशाच्या माणसांच्याच असतात. तुकडे जितके बारीक कराल तितका एकमेकांचा भार वाटून घेणं कमी होतं, आणि शेवटी प्रत्येकाने आपला धोका आपल्याच खिशातून भरायचा झाला तर त्याला विमा का म्हणायचं? म्हणून जागा खरी धरा, पण ती जागा हप्ता किती वर-खाली करू शकेल याला मर्यादा घाला. अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात १९८८ साली लोकांनी मतदान करून ‘प्रपोझिशन १०३’ हा कायदा आणला. त्यात वाहन विम्याचा दर आधी चालकाचा इतिहास, वर्षाला किती मैल गाडी चालते आणि गाडी चालवण्याचा किती वर्षांचा अनुभव आहे यांवर ठरायला हवा, बाकीचे घटक त्यांच्यानंतर, असा क्रम घातला. राहण्याचं ठिकाण बाकीच्यांत गेलं. आपल्याकडे जशीच्या तशी नक्कल करा असं मी म्हणत नाही. पण माणूस गाडी कशी चालवतो हे आधी आणि तो कुठे राहतो हे नंतर, हा क्रम मला न्याय्य वाटतो.

आपण स्वतःही त्या दिशेने एक पाऊल टाकलं आहे. जुलै २०२२मध्ये आपण ‘जितकी चालवाल तितका प्रीमियम’ आणि ‘जशी चालवाल तसा प्रीमियम’ अशा अ‍ॅड-ऑनना, म्हणजे मूळ पॉलिसीला जोडायच्या जादा कव्हरना, परवानगी दिली. किती आणि कशी, या दोन प्रश्नांना जागा मिळाली. ‘कुठे’ हा प्रश्न मात्र २००२च्या पुस्तकात जिथे होता तिथेच, नोंदणीच्या ऑफिसात अडकून पडला आहे.

माझ्या अपेक्षा मोठ्या नाहीत. प्रपोजल, म्हणजे विम्याचा अर्ज, घेताना एक प्रश्न सक्तीचा करा : गाडी वर्षातला जास्त काळ रात्री कुठे उभी असते? उत्तर खोटं निघालं तर काय होईल, तेही तिथेच स्पष्ट लिहा, म्हणजे क्लेमच्या वेळी त्यावरून भांडण व्हायला नको. पॉलिसीच्या शेड्यूलवर प्रदेशामुळे किती रुपये वाढले किंवा कमी झाले याची एक वेगळी ओळ घाला, आणि त्या ओळीत कारण लिहा, साध्या भाषेत : चोरी, पूर, अपघात, दुरुस्तीचा खर्च, जे असेल ते. ज्या भाषेत गिऱ्हाईक वाचतं त्या भाषेत. आमच्याकडे ती मराठी आहे. इन्शुरन्स इन्फर्मेशन ब्युरोकडे सगळ्या कंपन्यांच्या क्लेमची माहिती जमा होते. एका कंपनीला एका आरटीओत जे दिसत नाही ते सगळ्यांची माहिती एकत्र केली की दिसतं. जिल्हावार किती क्लेम आले, कशामुळे आले, हे दरवर्षी लोकांसमोर ठेवा. कंपन्यांची ग्रिड त्यांच्याजवळच राहू द्या, तो त्यांचा धंदा आहे. पण एखाद्या जिल्ह्याची सूट एकदम कापली गेली, तर तिथला माणूस निदान म्हणू शकेल की आकडे असं काही सांगत नाहीत.

आणखी एक, जे मला सगळ्यांत जवळचं आहे. धोक्याच्या भागातला जो माणूस स्वतः धोका कमी करतो, त्याला काहीतरी द्या. जुन्या टॅरिफमध्ये एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने मान्य केलेलं चोरीविरोधी उपकरण बसवलं तर अडीच टक्के सूट होती, जास्तीत जास्त ५०० रुपये. रक्कम लहान, पण विचार बरोबर होता. २०२१च्या जुलैत पुन्हा पाणी चढायला लागलं, तेव्हा गावभागातल्या माझ्या कितीतरी गिऱ्हाइकांनी २०१९ची आठवण ठेवून गाड्या आदल्या दिवशीच विश्रामबागच्या उंच भागात नेऊन लावल्या. रात्री अकरा वाजता मी स्वतः यादी घेऊन फोन करत होते. त्या गाड्यांवर एक रुपयाचा क्लेम आला नाही. कंपन्यांचे लाखो रुपये वाचले असतील. त्या माणसांच्या हप्त्यात याची नोंद कुठेच झाली नाही. ते एमएच १०मध्ये होते, एमएच १०चीच सूट त्यांना लागली. किल्ली फिरवून इंजिन घालवणारे सर आणि आदल्या रात्री गाडी उंचावर नेणारा त्यांचा शेजारी, दोघांना सिस्टीमने एकच मानलं.

त्या शेजाऱ्यांनी यंदा मला विचारलं, पुराच्या महिन्यांपुरती गाडी वरच्या भागात भाड्याच्या जागेत लावली आणि त्याची पावती दिली, तर हप्त्यात काही फरक पडेल का? मी कंपनीला मेल केला. उत्तर आलं, तशी तरतूद नाही. ती तरतूद आपण करू शकता.

मिरजेच्या त्या दोघा भावांच्या पॉलिसी मी शेवटी दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडे काढून दिल्या, ज्याची जिथे स्वस्त पडली तिथे. दोघे खूश होऊन गेले. जाताना थोरल्याने पुन्हा विचारलं, “पण ताई, कारण काय ते कळलं का?” त्याचा प्रश्न मी डायरीत लिहून ठेवला आहे, नंबरसकट. आपल्याकडून उत्तर आलं की पहिला फोन त्याला करीन.

आपली विश्वासू,
सांगलीतली एक मोटार विमा एजंट